वापरात नसलेली विहीर

"मावशी, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

सर मोबाईल धरून म्हणाले. विहिरीवरच्या बाईनं भरलेली घागर उचलून कडेवर घेतली आणि मुकाट्यानं बाभळीकडं सरकली. सरांनी रिकाम्या काठाचा फोटो काढला.

ती बाई माझी आई. सरांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी मोजायची टेप हातात धरून गप्प उभी राहिले. आईनंही ओळख दाखवली नाही. पोरीची नोकरी जाईल म्हणून. तिच्या त्या समजूतदारपणाची मला अजून चीड येते.

आमच्या दौंड तालुक्यातल्या शिवारात तेल शोधायचं होतं. जमिनीत भोकं पाडायची, आत छोटे स्फोट करायचे, हादरे मोजायचे. त्याआधी कुणाचं काय बिघडेल, ते तपासून लिहायचं काम एका सल्लागार कंपनीला मिळालं होतं. कुरकुंभच्या कारखान्यातली लॅबची पाळी सोडून मी तिथं सरांच्या हाताखाली लागले. "गावातलीच मुलगी, खरी माहिती आणेल," असं मुलाखतीत म्हणाले होते. केवढी हुरळले होते मी!

वापरातली विहीर जवळ असली की, हादऱ्यांनी तिचे झरे बुजू नयेत म्हणून, स्फोटांची लाइन लांब न्यावी लागते. आमच्या बौद्धवस्तीच्या विहिरीपासून ती लांब नेली, तर सरपंचांच्या उसात घुसत होती. म्हणून त्याच दिवशी सकाळी, त्यांच्या ओसरीवर चहा पिताना, सरांनी त्यांनाच त्या विहिरीबद्दल विचारलं होतं. सरपंच माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती व्हय? तिचं पानी कुनी पीत न्हाई."

कुणी नाही. मी समोर बसले होते. जन्मापासून तेच पाणी पिऊन. नळाचं पाणी आमच्याकडं येतं ते गावाचं भरून झाल्यावर, उरलं तर.

"लिहा, वापरात नाही," सर म्हणाले.

मी लिहिलं. माझ्याच हातानं, वळणदार अक्षरात. लाज वाटते सांगायला, पण लिहिलं.

आणि मग तासाभरात ती भरलेली घागर डोळ्यांसमोर असताना सरांनी आईला बाजूला केलं. त्यांना चुकून दिसली नाही, असं कुणी मला सांगू नये.

संध्याकाळी आईनं विचारलं, "फोटोत न्हाई म्हंजी आपन हितं ऱ्हातच न्हाई व्हय? आन् तू काय लिव्हलंस?"

मी टेप गुंडाळत बसले. तिला कळलं. तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि चुलीकडं वळली. तांब्या तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी शिरूरच्या ऑफिसात सरांनी फॉर्म पुढं सरकवला. 'माहिती प्रत्यक्ष पाहून खात्री केली' याखाली माझी सही हवी होती. मी पेन घेतलं आणि 'नाही' खोडलं. वर लिहिलं, 'आहे. पूर्ण वस्ती हे पाणी पिते.' मग सही केली.

सर चिडले. "हा काय पोरखेळ आहे?"

"सर, काल तुम्ही बाजूला केली ती माझी आई. ती ते पाणी पिते. मीही पिते."

ते म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं. तुम्ही निःपक्ष नाही."

ज्यांचा ऊस वाचत होता, ते सरपंच निःपक्ष. जिचं पाणी जाणार होतं, ती नाही. उद्यापासून येऊ नका, असं सांगून त्यांनी माझं ओळखपत्र काढून घेतलं.

ते नवा फॉर्म करतील, मला ठाऊक आहे. परवा गावात लोकांचं म्हणणं ऐकायची बैठक आहे. मुद्दाम देवळाच्या सभामंडपात ठेवली आहे, वस्ती येणार नाही म्हणून. वस्ती येणार आहे, घागरी घेऊन. पहिलं खोटं मी लिहिलं, हे मी सगळ्यांदेखत सांगणार. मग ते पाणी पिणाऱ्या एकेकाचं नाव घेणार, आईपासून.

आणि तरीही भोकं पाडायची गाडी आली, तर आई विहिरीवर असेल आणि मी तिच्या शेजारी. कुणी कितीही गोड बोलून बाजूला व्हा म्हणू दे. आम्ही सरकणार नाही.