भूगोलाच्या बाईंचं तारांगण

"बसा. डोळ्यांना सवय होऊ द्या." तंबूत शिरणाऱ्या प्रत्येकाला बाई हेच सांगायच्या, मग तो मामलेदार असो की मोळीविकी.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आम्ही दोघं नगरच्या एका मिशन शाळेत शिकवायचो. मी गणित, बाई भूगोल. बाईंनी बाहेरून घोंगड्यांचा आणि आतून पांढऱ्या मांजरपाटाचा गोल तंबू शिवला होता. मधोमध बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्याला सुईने पाडलेली भोकं, आत बॅटरीचा दिवा. डबा फिरवला की भरदुपारी कापडावर तारे उगवायचे आणि मावळायचे. सेल मिळत नसत. बाई जुनेच उन्हात तापवून पुन्हा वापरायच्या. सुट्टीच्या दिवशी आम्ही हे सगळं घेऊन बाजाराच्या गावी जायचो.

जामखेडला तंबू भरला, तेव्हा एक पागोटेवाले गृहस्थ पुढे आले. महारवाड्यातली माणसं आत बसलेली त्यांनी पाहिली होती.

"बाई, आदी आमचा खेळ करा. त्येंचा मागनं."

"खेळ एकच आहे," बाई म्हणाल्या. "बसायचं तर बसा."

ते बसले नाहीत. त्यांच्या माणसांनी मेखा उपटल्या. तंबू आमच्या अंगावर आला, डब्यावर कुणाचा तरी पाय पडला. मी बाईंना हळूच म्हणालो, चला, मोटार गाठू. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दगडाने ठोकून डबा सरळ केला आणि महारवाड्यातल्या एका म्हातारीला विचारलं, "मावशी, कापड धराल का?"

"व्हय, धरते की," म्हणत तिने हात वर केले. मग तिच्या शेजारणीने, मग पुरुषांनी. खेळ संपेपर्यंत वीस-पंचवीस जणांनी ते जड घोंगडं हातांवर तोलून धरलं. चेंबलेल्या डब्यातून दोन-तीन जादा तारे पडत होते. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "हे पुस्तकात नाहीत. हे जामखेडचे." अंधारात लोक हसले. कडेने आणखी माणसं आत शिरत होती. त्यांतली काही पागोटेवाल्यांच्या आळीतली होती.

तक्रार शाळेपर्यंत आली. गावात तंटा लावला म्हणून बाईंनी लेखी माफी मागावी, असं कमिटीने ठरवलं. बाईंनी एकच ओळ लिहिली: 'पुढचा खेळ रविवारी, श्रीगोंद्याला.' त्यांची नोकरी गेली. त्या बैठकीत मीही होतो. खाली मान घालून बसलो होतो.

श्रीगोंद्याचा खेळ झाला. मग बाई राजूरला निघाल्या. डोंगरातल्या मुलांना शिकवायचं आणि बाजाराच्या दिवशी खेळ करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. ते त्यांनी तीन वर्षं केलं, हिवतापाने जाईपर्यंत. मी तिकडे एकदाही गेलो नाही.

निघताना मोटारीत चढून त्यांनी तंबूचं गाठोडं मांडीवर घेतलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"घंटा झाली असेल," बाई म्हणाल्या. "जा."

मोटार धुरळा उडवत गेली. मी शाळेत आलो आणि त्यांचा भूगोलाचा तास मी घेतला.