ब्रदरचा डिप्लोमा

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला लग्नात, बारशात लोक दोनच गोष्टी विचारतात. गुडघ्याला काय लावावं, आणि एखादा किस्सा सांगा की. गुडघ्याचं मी डॉक्टरांवर ढकलतो. किस्से मात्र आपोआप साठत गेलेत. मुद्दाम कुणी जपून ठेवले नव्हते, पण टाकवतही नाहीत. अडचण एवढीच, की बहुतेक किश्श्यांमध्ये फजिती झालेला माणूस मीच आहे!

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. इंटर सायन्सला मला असे मार्क पडले, की मेडिकलचं नाव घरात परत कुणी काढलं नाही. सोलापूरच्या भवानी पेठेत आमचं सुतळी-दोऱ्याचं दुकान होतं. अप्पांना वाटलं, पोरगा आता गल्ल्यावर बसणार. मला गल्ला नको होता. तेवढ्यात एस.टी.त कंडक्टर असलेल्या मामांनी खबर आणली, की नर्सिंगला आता मुलांनाही घेतात.

त्यात रस्ते दोन. डिग्री केली तर चार वर्षं, तीही दूर दक्षिणेत आणि सगळं इंग्रजीत. डिप्लोमा केला तर साडेतीन वर्षं, सोलापुरातच, आणि वर स्टायपेंड.

अप्पांनी हा प्रश्न दुकानातच मांडला. सुतळी घ्यायला येईल त्याचं मत घ्यायचं. एक रिटायर हेडमास्तर म्हणाले, डिग्रीच करा, लग्नपत्रिकेत नावापुढे शोभून दिसते. मामा डिप्लोमाच्या बाजूचे, कारण डिग्रीवाला पोरगा पुढे घरी परत येत नाही, असं त्यांनी एस.टी.त बसून बघितलं होतं. माढ्याचे एक शेतकरी जनावरांच्या दाव्यांसाठी दोर न्यायला आले होते. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यातल्या कुटल्यात मिशी ठिवता येती?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेव्हा तेवढाच प्रश्न होता.

*

शेवटी हेडमास्तर जिंकले आणि मी डिग्रीच्या इंटरव्ह्यूला गेलो. समोर तिघंजण. मधल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुम्हाला नर्स का व्हायचंय? मी आठवडाभर एक उत्तर पाठ केलं होतं. त्यात मानवता होती, करुणा होती, आणखीही बरंच काही होतं. ऐनवेळी त्यातला एकही शब्द आठवेना. तोंडातून निघून गेलं, "मॅडम, बिकॉज डॉक्टर नॉट पॉसिबल."

बाजूचे दोघे हसले. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मला सीट दिली.

सीट तर मिळाली, पण तिथल्या मेसमध्ये सकाळी भात आणि संध्याकाळीही भात. दुसऱ्या दिवशी मी वाढणाऱ्याला खुणेनं विचारलं, भाकरी? त्यानं आनंदानं आणखी भात वाढला. तिसऱ्या दिवशी मी सोलापूरच्या गाडीत होतो.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, की आपल्याच गावच्या रोग्यांची सेवा करायची, असं मी ठरवलंय, म्हणून डिप्लोमा. आमची अव्वा, म्हणजे आई, भाकरी थापत होती. तिनं माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकली आणि म्हणाली, "सेवा कर की. आधी चटणी घे."

*

त्या काळी पेठेत डिप्लोमा म्हटलं की पॉलिटेक्निक. त्यामुळे अप्पांचा मल्लू डिप्लोमाला गेला म्हणजे इंजिनीयर होणार, असं सगळे धरून चालले. अप्पांनीही तो गैरसमज दूर करायची घाई केली नाही. पोरगा बायकांच्या कॉलेजात जातो हे सांगण्यापेक्षा त्यांना ते सोयीचं पडत होतं.

एक दिवस शेजारचे व्यंकटअण्णा मला ओढतच घेऊन गेले. त्यांच्या मागाची मोटर बंद पडली होती. मिस्त्री बाहेरगावी गेलेला, आणि साड्यांची ऑर्डर अंगावर आलेली. मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. पण अण्णा, त्यांची बायको आणि सूत भरणाऱ्या दोन बाया अशा काही आशेनं बघत होत्या, की मी वाकून मोटरला उलटा हात लावला. आम्हाला नुकतंच तेवढं शिकवलं होतं.

"गरम आहे," मी म्हणालो.

"ते मला पण कळतंय," अण्णा म्हणाले. "आता काय करायचं?"

"विश्रांती द्या."

तासाभरानं त्यांनी बटण दाबलं आणि मोटर सुरू झाली. त्यानंतर वर्षभर पेठेत कुणाचाही पंखा, पंप, शिलाई मशीन बंद पडलं की मला बोलावणं यायचं. मी सगळ्यांना तोच इलाज सांगत होतो, आणि निम्मी यंत्रं खरंच बरी व्हायची!

*

पहिले सहा महिने संपले की आमच्या कॉलेजात टोपीचा समारंभ असायचा. हातात पेटती मेणबत्ती घेऊन मुली ओळीनं उभ्या राहायच्या आणि प्रिन्सिपल मॅडम एकेकीच्या डोक्यावर नर्सची पांढरी टोपी बसवायच्या. आमच्या बॅचमध्ये मुलगा मी एकटाच. मुलांना टोपी नसते. त्यामुळे मी ओळीत शेवटी मेणबत्ती घेऊन नुसताच उभा राहणार होतो.

समारंभाला घरच्यांना बोलावलं होतं. अप्पा येणार नाहीत अशी माझी खात्री होती. मला ते मनातून बरंही वाटत होतं, आणि वाईटही. पण ते आले. धुतलेलं धोतर, काळा कोट, डोक्यावर त्यांची नेहमीची पांढरी टोपी. मागच्या रांगेत अव्वाच्या शेजारी अंग चोरून बसले.

मॅडम टोप्या घालत घालत माझ्यापर्यंत आल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि परत फिरल्या. ट्रे रिकामा झाला होता.

हे बघून अप्पा उठले. त्यांना वाटलं, टोप्या कमी पडल्या आणि नेमका आपला पोरगा राहिला. ते खुर्च्यांमधून वाट काढत सरळ स्टेजवर आले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, नीट दाबून बसवली, आणि मॅडमना म्हणाले, "असू द्या बाई. आमच्याकडं घरी दुसरी हाय."

मॅडमनी ती काढायला सांगितली नाही. शपथ मी त्या टोपीतच घेतली.

*

पुढे पुरुषांच्या वॉर्डात ड्युटी लागली. सांगोल्याकडचे एक धनगर म्हातारबा मांडी मोडून आले होते. मेंढरामागं धावताना पडलेले. पहिल्याच सकाळी हाक आली, "ओ शिस्टर!"

मी जवळ जाऊन म्हणालो, बाबा, मी सिस्टर नाही, ब्रदर.

"बरदर म्हंजी?"

"भाऊ."

"भाऊ हायस तर डबा घिऊन यायचं. हितं शिस्टर पायजे."

मी निमूटपणे इंजेक्शन भरलं, त्यांना कुशीवर केलं आणि टोचलं. म्हातारबा डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "आता टोच की." मी सांगितलं, झालं. त्यांनी मान वळवून मला मिशीपासून बुटापर्यंत बघून घेतलं आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलं, "मिशी खोटी हाय. हात शिस्टरचाच हाय ह्याचा."

*

डिप्लोमा झाला, नोकरी लागली, आणि घरात लग्नाचा विषय निघाला. दोन ठिकाणी बघून झालं. दोन्हीकडे नर्स म्हटल्यावर चहा आला, पोहे आले नाहीत. तिसरं स्थळ मामांनी आणलं, अक्कलकोटच्या पुढच्या गावातलं. मुलीचं नाव गिरिजा. वडील धान्याचे व्यापारी. मामांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की मुलगा दवाखान्यात आहे. मी कोण म्हणून आहे, ते सांगितलं नव्हतं.

अप्पांनी बसमध्ये मला बजावलं, की विचारलं तर मेडिकल लाइनला आहे म्हण, जास्त खोलात शिरू नकोस.

या वेळी पोहे आले. गिरिजा ट्रे घेऊन आली. मी मान खाली घालून बसलो होतो, त्यामुळे मला फक्त पोहे दिसले. तिचे वडील सतरंजीवर सरळ होऊन बसले आणि त्यांनी थेट विचारलं, "नर्सिंगचंच ना? डिग्री का डिप्लोमा?"

त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. मामांना ठसका लागला. अप्पा छताकडे बघू लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून एका म्हाताऱ्या माणसाची कन्नडमधली हाक आली. गिरिजानं ट्रे तिथंच ठेवला आणि आत गेली. तिच्या वडिलांनी हळू आवाजात सांगितलं, की ते त्यांचे वडील, वर्षभरापासून अंथरुणाला खिळलेत. आतून गिरिजाचा आवाज आला, "कुणीतरी या की जरा."

तिच्या वडिलांनी उठायच्या आधीच मी उठलो. अप्पांनी माझा शर्ट धरला होता. तो सुटला.

आत आजोबा ओल्या चादरीवर पडले होते. मी बाह्या मागे सारल्या आणि त्यांच्या खांद्याखाली हात घातला. आजोबांनी फाडकन माझ्या थोबाडीत मारली.

"आधी त्यांना सांगायचं, मग हात लावायचा," गिरिजा म्हणाली.

मी आजोबांना सांगितलं. मग हात लावला. दोघांनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली, चादर बदलली. बाहेर ताटकळलेली माणसं आहेत हे आम्ही विसरलो होतो. आजोबा त्याच कुशीवर घोरायला लागले.

ओल्या बाह्यांनी आणि लाल गालानं मी बाहेर येऊन बसलो. मग तिच्या वडिलांनी घसा साफ करून परत विचारलं, "तर, डिग्री का..."

"ते राहू द्या," दारातून गिरिजा म्हणाली. "आजोबांची एकच कूस झाली. दुसरी राहिलीय. ह्यांना सोमवारी परत बोलवा."