चिनी नागिणीची मुराळी

सुमन काल दुपारी गेली.
आणि आक्काला अजून कुणी सांगितलेलं न्हाई.

सकाळपासून माझा फोन वाजून राह्यला. सगळ्यांचं एकच, मावशी, तुम्हीच सांगा. आक्का नव्वदीला टेकलेली, हार्टचा प्रॉब्लेम, त्यात नागपंचमी तोंडावर आलेली. मला टेन्शननं काही सुचंना, म्हणून फोन सायलेंट करून इथं लिहायला बसले.

मेणबत्तीचे इमोजी टाकू नका कुणी. मला राग येतो.

सुमन आणि आक्का सख्ख्या बहिणी. राजूरला त्यांचं दार आमच्या दाराला लागून.
त्यांना भाऊ नव्हता. एवढं लक्षात ठेवा.

निजाम जाऊन थोडीच वर्षं झाल्ती. चीन आपला दोस्त, असं शाळेत शिकवायचे ते दिवस. मास्तरांकडं चीनचं एक हिंदी मासिक यायचं, रंगीत चित्रांचं. त्यात तिकडची एक जुनी गोष्ट आल्ती.

पांढरी नागीण बाई होते. एका गरीब औषधवाल्याशी लग्न करते. एका साधूला त्यांचा संसार बघवत न्हाई, तो तिला बुरुजाखाली कोंडून टाकतो. नवरा बसतो तोंडात मिठाची गुळणी धरून. तिच्यासोबत एक हिरवी नागीण असते, मैत्रीण म्हणा, दासी म्हणा.

आमच्या गल्लीतल्या पोरी त्या गोष्टीपायी येड्या झाल्त्या. आत्ताची पोरं सिरीयलची फॅन असतात ना, बिलकुल तशा. झोक्यावर दुसरा विषय न्हाई.

पण गोष्ट जशीच्या तशी कोण ठेवतंय?
कुणी नागिणीला नथ घातली. कुणी साधूला काढून तिथं सासू बसवली. चिनी बुरुज कुणी पाह्यलाय, म्हणून तिला धान्याच्या बळदात कोंडलं. सगळ्यांना पटलं.

पांढरी व्हायला सगळ्या तयार, हिरवी व्हायला कुणी न्हाई. सुमन सावळी, म्हणून ते तिच्या गळ्यात मारलं.
ती म्हणली, "होते. पण मंग हिरवी दासी न्हाई, सख्खी बहीण. आणि तीच मुराळी."

मुराळी म्हणजे पंचमीला लेकीला सासरहून आणायला जाणारा भाऊ. आम्ही पोट धरून हसलो.
"बाईमाणूस कधी मुराळी असतंय का गं?"
"चीनमधी असतंय," सुमन म्हणली.

त्याच हप्त्यात कासारीण आली बांगड्या भरायला. आदल्या दिवशी ती आक्काच्या सासरी जाऊन आल्ती.
सुमनच्या आईचा हात धरून हळूच म्हणली, "बाई, तुमच्या लेकीला लहानातली लहान बांगडी घातली, तरी निसटून पडती. माणूस पाठवा जल्दी."

आई तशीच वडिलांच्या खाटेपाशी गेली.

ते दम्यानं आजारी. मागच्या साली चुलते गेल्ते आणायला, तर आक्काच्या सासूनं दारातूनच वापस लावलं. म्हणली, "सख्खा भाऊ पाठवा, मंग धाडू." भाऊ न्हाई हे तिला काय माहीत नव्हतं? चुलत्यांनी कानाला खडा लावला.

वडील बराच वेळ खोकत राह्यले. मंग सुमनकडं पाहून म्हणले, "तू जाशील?"

एकटी कशी जाईल, म्हणून मला सोबत दिलं. मी तिच्याहून लहान, माझा काय उपयोग.

बाजाराला जाणाऱ्या एका बैलगाडीत बसून गेलो. वाटभर माझ्या डोक्यात एकच, आक्का जिती असंल का. सुमनला विचारायची हिंमत झाली न्हाई.

सासू ओट्यावरच बसल्ती.
"भाऊ कुठंय?"
"मीच आले."
"पोरीच्या हाती सून धाडत असतात का? जा घरी."
सुमन ओट्याच्या कडेला टेकली. "बसते मी, मावशी. मला घाई न्हाई."

आतून आक्काच्या खोकल्याचा आवाज येऊन राह्यला. आक्काला बाहेर येऊ दिलं न्हाई. पाणी बी कुणी विचारलं न्हाई. ऊन उतरलं, गाडी परत निघायची वेळ झाली.

शेजारच्या बाया पाणी आणता आणता थांबल्या. कोणाची गं पोर, काय काम काढलं?
तर सुमननं त्यांना गोष्ट सांगायला घेतली. चिनी नागिणीची, आमच्यावाली. सासू, बळद, मिठाची गुळणी, सगळं.

बाया घागरी खाली ठेवून ऐकत बसल्या. एकीनं विचारलं, "मंग सुटली का न्हाई ती?"
सुमन म्हणली, "काय माहीत. बहीण आलीय न्यायला. सकाळपासून दारात बसलीय."

सगळ्या बाया नुसत्या सासूकडं पाहत राह्यल्या.

सासू उठून आत गेली. मला वाटलं, आता काठी घेऊन येती.
ती आक्काला हाताला धरून घेऊन आली.
"ने," म्हणली. "दिवाळीला बराबर आणून घाल."

मी आक्काला ओळखलं न्हाई. गाडीत सुमननं तिचं डोकं मांडीवर घेतलं. धाकटीच्या मांडीवर थोरली.

आक्का वाचली. दिवाळीला परत गेली, लेकरं झाली, संसार केला. सासू बी नंतर नंतर नरम पडली, पंचमी आली की स्वतःच विचारायची, "तुझी बहीण कधी येतीय?"
कारण त्या सालापासून दर पंचमीला आक्काला आणायला सुमनच गेली. गाडीनं, मंग एस्टीनं, मंग जीपनं. गुडघे गेले तरी गेली.

आक्का आता घनसावंगीला लेकाकडं असती. सायलेंट करायच्या आधीचा शेवटचा फोन तिच्या सुनेचा. आक्कानं पिशवी भरून ठेवलीय. सुमन फोन का उचलत न्हाई, म्हणून सगळ्यांवर चिडून राह्यली.

सून म्हणली, आक्काला फोन देते. मी म्हणलं, नको, मीच येते.

उद्या सकाळी मी निघते. काय बोलायचं ते अजून ठरलं न्हाई, नुसती भीती वाटून राह्यली. तोवर कुणी तिला कळवू नका, हात जोडते.

सुमन, तू निवांत जा.
आक्काला मी घेऊन येते.