जागेअभावी

आमची वहिनी शिवणकाम सांभाळून मासिकांना कथा पाठवायची आणि त्या साभार परत यायच्या. अखेर एक छापून आली. तिच्यातली खाष्ट सासू शेवटी मरते. नेमका तोच अंक माझ्या आईच्या, म्हणजे वहिनीच्या सासूच्या, हाती लागला. आई चवीने एकेक ओळ वाचत होती आणि तिकडे वहिनीच्या मशीनवर दोरा सारखा तुटत होता. घाम मात्र मला फुटला. शेवटी आईने चष्मा काढला.

"मला मारलंस ते ठीक. पण मी गेल्यावर घरात कुणीच कसं रडलं नाही गं?"

"मी रडले होते, आई. चांगलं पानभर! जागा नाही म्हणून संपादकांनी कापलं."

"अस्सं? आणि माझ्या खाष्टपणाला बरी जागा मिळाली!"