तपासणारीची खुर्ची

आमच्या घराण्याचा पाया संशयावर घातलेला आहे, हे मी ताठ मानेने सांगते. बाबा तराजू दुरुस्त करायचे. आईच्या वडिलांचं किराणा दुकान. त्यांचा तराजू बाबांनी नीट करून दिला आणि दुसऱ्याच दिवशी आई, तेव्हा एकोणीस वर्षांची, तो परत घेऊन आली. डावं पारडं जड आहे म्हणे. बाबांनी बघितलं, काही नव्हतं. ती पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला खरंच फरक निघाला, दोन गव्हाच्या दाण्यांएवढा. बाबांनी हात टेकले आणि तिलाच मागणी घातली.

लग्नानंतर तिने बाबांच्या दुकानात एक नियम घातला. दुरुस्त करणारा एक, तपासणारा दुसरा. बाबांनी तराजू जुळवायचा, मग तो कोपऱ्यातल्या तिच्या खुर्चीसमोर जायचा. ती पितळी वजनांची पेटी उघडायची, एकेक वजन दोन्ही पारड्यांत घालून बघायची आणि मगच दांडीखाली छिन्नीने आपली बारीक खूण उमटवायची. बाबा कधीकधी फुरंगटायचे, इतका संसार झाला, आता तरी विश्वास ठेव म्हणायचे. संसार वेगळा, तराजू वेगळा, असं तिचं उत्तर ठरलेलं. सोनार, औषधवाले ती खूण बघूनच तराजू उचलायचे. बाबांना विचारतो कोण!

बाबा गेले आणि त्यांच्या जागी मी बसले. तपासायला आईच. दोन वर्षं ठीक गेली, तिसरं सरता सरता माझ्या मनात पाल चुकचुकली. एका तराजूला अर्धा तास घेणारी ही बाई माझा चहा संपायच्या आत खूण करून मोकळी! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरणारा. हिला दिसत नाही आणि ही कबूल करत नाही, असं मी धरून चालले. सरळ विचारायचं सोडून मी पेटीच्या झाकणाच्या फटीवर आडवा शिवणाचा दोरा चिकटवला. मीही लेक कोणाची! संध्याकाळी तीन तराजूंवर खूण होती आणि दोरा जिथल्या तिथे.

उद्या औषधवाल्याकडे चुकीचं माप गेलं तर? आईला त्या खुर्चीवरून उठवायला हवं होतं. पण पुराव्याशिवाय ती हलणाऱ्यातली नव्हे. म्हणून मी एका तराजूच्या उजव्या पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवला आणि तिच्यापुढे ठेवला. दोन्हीकडे सारखं वजन घातलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं. तिने खूण केली.

माझी लेक नुकतीच काम शिकायला बसू लागली होती. तिच्यादेखत मी विचारलं, "आई, पेटी उघडलीस?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"वर्ष होईल. त्याआधी दोन वर्षं तुझा एकेक तराजू बघितला. कशात काही निघालं नाही. मग म्हटलं, पुरे."

मी म्हटलं, बाबांचा तर एकही सोडला नाहीस.

"नाही सोडला. डोळे मिटून विश्वास ठेवला तो एकट्या तुझ्यावर."

एवढं बोलून तिने तो तराजू जवळ ओढला. माझा चेहरा बघून तिला काय समजायचं ते समजलं असावं. पारडं उलटं केलं, नखाने मेण अचूक खरवडलं, बोटांत धरून उजेडात नीट बघितलं. डोळ्यांना काहीएक झालेलं नव्हतं. मेले तरी चालेल, असं वाटलं मला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोचले तेव्हा पेटी उघडी होती. आईने माझ्या लेकीला शेजारी बसवून घेतलं होतं आणि मी आदल्या दिवशी जुळवलेला तराजू दोघींच्या मध्ये होता. मी दारात उभी आहे हे तिला दिसत होतं.

"हा तुझ्या आईने केलाय," ती नातीला म्हणाली. "तीनदा बघ."