फॅमिली नसलेल्याच्या फॅमिली गाड्या

काही जणांच्या घरात वस्तू साठतात, काहींच्या घरात किस्से. आमच्याकडे दोन्ही साठलेत आणि दोन्ही ठेवायला जागा नाही. बरं, किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही. मी फक्त गाड्या गोळा करतो. गाडीमागून किस्सा आपोआप येतो, तोही डिलिव्हरी फ्री!

गाड्या म्हणजे तळहातावर मावणाऱ्या. जुन्या फ्रेंच फॅमिली कारची हुबेहूब छोटी मॉडेल्स. दारांच्या मुठी, आरसे, नंबरप्लेट, सगळं जागच्या जागी. मी पेडण्यात सरकारी नोकरीत क्लार्क आहे. वय चाळिशीच्या पुढे, घरात मी आणि आई. लग्न झालेलं नाही. करायची इच्छा मात्र दांडगी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला मोकळेपणी हसता येईल.

* * *

माझ्यासारखाच दुसरा वेडा डिचोलीत राहतो. सुभाष. त्याचे खनिज वाहणारे टिप्पर आहेत. दिवसभर टिप्परच्या ड्रायव्हरांशी भांडून झालं की संध्याकाळी हा गडी चष्मा लावून बोटभर गाडीचे वायपर बघत बसतो. फरक एवढाच, की त्याला बायको आहे, दोन मुली आहेत.

पहिल्यांदा माझं शोकेस बघितलं तेव्हा त्याने एकेक गाडी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मला वाटलं, भारावला!

मग म्हणाला, "रे दामू, ह्यो सगळ्यो चार दारांच्यो. मागल्या सीटीर पोरां, डिकीत सामान, टपार बॅगो. आणि मालक एकटो! एक तरी दोन सीटची घे मरे, कोणाक तरी आशा वाटतली!"

* * *

एक गाडी मी खिशात घेऊन फिरतो. सांगायला लाज वाटते, पण फिरतो. डीएस मॉडेलची, पांढऱ्या टपाची काळी गाडी. केरीच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये चहा पिताना मी ती टेबलावर ठेवली, तर शेजारचा म्हातारा फ्रेंच पाहुणा खुर्चीतून उठलाच. त्याच्या आजोबांकडे म्हणे अशीच होती. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की डी आणि एस ही अक्षरं फ्रेंचमध्ये जोडून म्हटली की 'देवी' या अर्थाचा शब्द ऐकू येतो.

ही माहिती मी घरी येऊन आईला सांगितली. इथे चुकलो!

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आलो, तर गाडीच्या टपावर हळद-कुंकू आणि बोनेटवर अबोलीचं फूल. कुंकू निघालं. हळद निघाली नाही. पांढरा टप कायमचा पिवळा झाला. संग्राहकाच्या दुनियेत रंगाला डाग म्हणजे गाडी बाद. मी कपाळाला हात लावून बसलो. सुभाष मात्र खूश. "पिवळ्या टपाची जगात एकच रे! रेअर पीस!"

ही देवी नाही, यंत्र आहे, हे आईला पटवायला मी तिला गाडीची तांत्रिक बाजू समजावू लागलो. म्हटलं, अगं, ही खरी गाडी स्टार्ट केली की आधी हळूच वर उठते आणि मगच चालू लागते.

आई म्हणाली, "बघ. गाडयेक समाजता. तुका आठ वाजले तरी उठयत रवाचा लागता!"

* * *

एकदा माझं पार्सल कस्टममध्ये अडकलं. त्यात ४०४ नावाची पांढरी गाडी, मागे लांब डिकी, सात माणसांचं कुटुंब सहज बसेल अशी. कितीतरी दिवस मी चौकशा करत होतो. माझा उतरलेला चेहरा बघून आई परस्पर देवळात गेली आणि आमच्या गावकर तात्यांना म्हणाली, "माझ्या झिलाची परदेशातली नवी गाडी वाटेर अडाकली."

तात्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात. त्यांना एवढं पुरे. त्यांनी देवासमोर उभं राहून खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराची गाडी खंय वाटेर अडाकली आसात, कोणाची दीठ लागली आसात, तर ती सोडय आणि सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे.

आणि गाडी सुटली की हो! देवावर माझा विश्वास होताच, पण कस्टमवरही त्याचं चालतं हे नवीन होतं.

पार्सल आलं त्याच दिवशी तात्या पूजेला हजर. हातात नारळ, लिंबू, उदबत्ती. मागे आमच्या वाडीतली पाच-सहा माणसं, नवी गाडी बघायला नटून आलेली. अंगणात कुठे गाडी दिसेना. मी आतून आणली आणि तुळशीपाशी ठेवली. तात्यांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, परत वाकून पाहिलं.

पण तात्या कामाला पक्के. चाकाखाली लिंबू ठेवायचं म्हणजे ठेवायचं! आता लिंबू बोनेटएवढं. गाडी वर ठेवली, ती घरंगळली. परत ठेवली, परत घरंगळली. शेवटी तात्या सरळ उभे राहिले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले,

"बा देवा म्हाराजा! गाडी ल्हान आसा, लिंबू व्हडला आसा. तरी चिरडला म्हणान मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

* * *

सुभाषला फोटोंचाही नाद आहे. एकदा त्याने माझी निळी गाडी डिचोलीच्या एका लाल मातीच्या रस्त्यावर ठेवली, स्वतः पालथा झोपला आणि असा काही फोटो काढला, की गाडी अगदी खरी वाटावी. खाली मालक म्हणून माझा नंबर टाकलेला तो फोटो फिरत फिरत कुठल्या कुठे गेला आणि मला फोंड्याहून एका अनोळखी माणसाचा फोन आला.

"भावाच्या वरातीक तुमची निळी गाडी मेळतली?"

आता कोणी माझ्या गाडीची एवढी प्रेमाने चौकशी केली, की माझं भान सुटतं. मी म्हणालो, "मेळतली!"

"भितर कितलीं मावतलीं?"

मी जमिनीवर आलो. "भितर... कोणूच ना."

"ड्रायव्हर धरून?"

"ड्रायव्हर धरून कोणूच ना."

"मगे नवरो खंय बसतलो?"

सुभाष शेजारीच होता. तो ओरडला, "सांग ताका, नवरो गाडी हातात घेवन चलतलो!"

फोन कट झाला. माझ्या गाड्यांना लग्नाची बोलावणी येतात. मला नाही.

* * *

अगदीच येत नव्हती असं नाही. मागच्या वर्षी पेडण्यातलंच एक स्थळ आलं होतं. मंडळी घर बघायला येणार म्हणून आईने फर्मान काढलं, "आधी ते गाडये लिपय!"

शोकेस रिकामं करून मी मिळेल त्या डब्यात गाड्या भरल्या. शोकेसमध्ये आईने स्टीलची भांडी मांडली. मंडळी आली, बसली, बोलणं छान चाललं होतं. मुलगीही एकदा माझ्याकडे बघून हसली. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी त्या लांब डिकीच्या गाडीत तिला शेजारी बसवून पार तेरेखोलपर्यंत जाऊन आलो होतो.

आई आनंदात म्हणाली, "घरच्यो नेवऱ्यो खावन बघा हां!" आणि डबा मुलीच्या मामांसमोर धरला. मामांनी करंजी समजून न बघता हात घातला आणि लाल रंगाची एक गाडी तोंडापर्यंत नेली!

चार दिवसांनी निरोप आला. "मुलगा चांगला आहे, पण अजून खेळतो."

सुभाष हसून हसून बेजार झाला. मीही हसलो. पण खरं सांगतो, लागलं मला ते. त्याहून जास्त लागलं आईला. नेवऱ्यांचा डबा तिने पुष्कळ दिवस खाली काढला नाही.

* * *

यंदाचं स्थळ डिचोलीचं. सुभाषच्या बायकोने सुचवलेलं. मंगल तिचं नाव. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. वय माझ्याच आसपास, घरात ती आणि तिची आई.

मी ठरवलं, या वेळी लपवायचं नाही. लपवून जमलेलं लग्न जन्मभर लपवत बसावं लागेल. आणि नाही म्हणाली तर सगळ्या गाड्या सुभाषला देऊन टाकायच्या. तसं त्याला सांगितलंसुद्धा. तो पहिल्यांदाच हसला नाही. गाड्या भरायला रिकामे खोके मी पलंगाखाली आणून ठेवले. आईने देवाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

मायलेकी आल्या. चहा झाला. मंगल कप ठेवून उठली आणि थेट शोकेससमोर जाऊन उभी राहिली. वरपासून खालपर्यंत, एकेक कप्पा बघितला. माझी आई पदराने तोंड पुसत राहिली. मग मंगलने शोकेसचं दार सरकवलं, कप्प्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं.

"ह्या पुसता कोण?"

"मीच."

"सदांच?"

"सदांच. ब्रशान. आरशांक वेगळो ब्रश आसा."

"आणि घर?"

मी काही बोलायच्या आत आई घाईघाईने म्हणाली, "घरय तोच पुसता गो. माझे ढोपर दुखतत ना."

मंगलने दार हळूच सरकवून बंद केलं आणि आपल्या आईकडे वळून म्हणाली,

"आई, भटजीक फोन लाय."