बंद दाराआडची पुट्टी

"म्बाह, तुमची जादू आंबली की काय?" किजांग गाडीतून उतरता उतरताच मासळीवाल्या बाईने, बू कासियमने, टोमणा मारला. "चार महिने नाही झाले, आणि बघा, पुन्हा फोड!"

सगळे ज्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत ते मुजी वाकले. मागच्या उजव्या दाराखालच्या पट्टीवर, नव्याकोऱ्या हिरव्या रंगाला, उन्हातान्हात फिरल्यावर अंगावर उठतात तसे फोड उठले होते. त्यांनी एकावर अंगठा टेकवला. तो आत दबला. पत्रा असा दबत नाही. म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही कॉफी घ्या, बू," एवढंच म्हणाले, गाडी आत घेतली आणि दार लावून घेतलं.

दार लावायचंच. ब्लितारजवळच्या त्या गावात जवळजवळ प्रत्येक गल्लीत 'केतोक मॅजिक'ची, म्हणजे ठोकठोकीच्या जादूची, पाटी आहे आणि प्रत्येक पाटीमागे एक बंद दार. चेपलेली गाडी आत जाते, गिऱ्हाईक बाहेर बसून नुसती ठकठक ऐकतं, आणि गाडी सरळ होऊन बाहेर येते. आत काय होतं ते कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. लोक म्हणतात मंत्र आहे, गुरूची कृपा आहे. म्बाह मुजी सोमवार-गुरुवार उपास करत हे खरं. पण उपासाने गंज जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गंज कापावा लागतो. चांगला पत्रा हाताला लागेपर्यंत कापत जायचं, नवा तुकडा बेतून वेल्डिंग करायचं, आतून-बाहेरून तांबडा प्रायमर द्यायचा, पोकळीत तेल सोडायचं. सोळाव्या वर्षी गुरूच्या हाताखाली ते हे शिकले, आणि पंचेचाळीस वर्षं आडोशाला करत राहिले. गिऱ्हाईक बघत नाही म्हणून त्यांनी कधी एक टाका कमी मारला नाही. उलट, कुणी बघत नाही म्हणूनच नीट करायचं, असा त्यांचा हट्ट. वेड्या माणसाचा म्हणा हवं तर.

चार महिन्यांपूर्वी मात्र ते मोतीबिंदूचं ऑपरेशन करून डोळ्याला पट्टी बांधून घरी पडले होते. गाडीची ही दाराखालची पट्टी तेव्हा जावयाने केली होती. सुगेंगने.

"सुगेंग! इकडे ये."

सुगेंग आला. म्बाह मुजींनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि फोडावर टेकवून जरासा रेटला. तो मुठीपर्यंत आत गेला. मग त्यांनी पट्टी खरवडायलाच घेतली. रंगाखाली पुट्टी निघाली, दोन बोटं जाड. पुट्टीखाली जाळी. जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे, पाण्याने भिजलेले, मिठाने पांढरे पडलेले. आणि त्यामागे काहीच नाही. नुसती पोकळी, आणि गंजाची पोपडी भुगा होऊन खाली पडत होती.

"हे काय आहे?" म्बाह मुजींचा आवाज चिरकला.

"बापाक, तेव्हा कामाची गर्दी होती..." सुगेंग सासऱ्याला म्हणाला.

"गर्दी होती? ही बाई रोज प्रिगीच्या बंदरावरून मासळी आणते. मिठाचं पाणी टोपल्यांतून ठिबकून ठिबकून तळ खातंय. तिची पोरगी लस्मी मागच्या सीटवर टोपल्या धरून बसते. त्या सीटचे बोल्ट कशात बसलेत? तुझ्या पेपरात! घाटातल्या एखाद्या वळणावर पोर सीटसकट रस्त्यावर पडली असती, मग काय मंत्र म्हणणार होतास?"

"हळू बोला ना, ती बाहेर आहे!"

"ऐकू दे!"

सुगेंगने हात जोडले. "बापाक, ऐका माझं. आज रात्रभर बसून मी हे कापून नीट करतो. तिला म्हणू, दमट हवेने रंग धरला नाही. पण दार उघडून दाखवू नका. तिने पाहिलं तर बाजारभर बोभाटा करेल. आपलंच नाही, आख्ख्या गावाच्या पोटावर पाय येईल. एकदा दार उघडलं की कसली जादू नि कसलं काय?"

म्बाह मुजींना सगळ्यात जास्त चीड आली ती इथे, कारण पोरगा खोटं बोलत नव्हता. उघडं दार म्हणजे गावाचा घात, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. बंद दाराआड त्यांनी आपलं कसब जपलं, आणि त्याच दाराआड जावयाने लबाडी पोसली. दाराला काय, दोन्ही सारखंच. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

त्यांनी कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीला लागेपर्यंत ढकलल्या. "बू कासियम, आत या."

समोरच्या वर्कशॉपमधली ठकठक थांबली. बू कासियम उंबऱ्यापाशी घुटमळली. वीस वर्षांत तिने तो कधी ओलांडला नव्हता. मग आत आली, वाकली, पेपरचा एक ओला बोळा बाहेर ओढला आणि हातात पिळून पाहिला.

"माझ्या जावयाचं काम," म्बाह मुजी म्हणाले. "चूक माझी. मी हे सगळं काढून नवं करून देतो."

आता ही बाई आरडाओरडा करील, सुगेंगला शिव्या घालील, असं त्यांना वाटलं होतं. तशी तयारीही होती. पण तिने आवाज चढवलाच नाही. ती गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि डाव्या पट्टीवर हात ठेवला.

"हे बारा वर्षांपूर्वी तुम्ही केलंत, म्बाह. तुमच्या हाताने."

"हो."

"यात काय भरलंय?"

"बू! मी..."

"मला काय माहीत? दार तर तेव्हाही बंदच होतं."

म्बाह मुजींनी डाव्या पट्टीकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांची इमानदारी होती, आणि साक्षीला बाहेरचा एक माणूस नव्हता. बू कासियमवर रागवावं म्हटलं तर ती चुकीचं काय बोलली होती? सुगेंगवर रागवून झालं होतं. उरला तो संताप कुठे नेऊन आपटायचा, ते त्यांना कळेना.

त्यांनी ग्राइंडर उचलला.

"बापाक, ते चांगलं आहे! ते कशाला कापता?" सुगेंग ओरडला.

"गप्प बस."

ठिणग्या उडाल्या. बू कासियम दोन पावलं मागे सरली, पण नजर हलवली नाही. हातभर पट्टी कापून म्बाह मुजींनी ती वाकवून खाली पाडली. आत तांबडा प्रायमर जसाच्या तसा होता, वेल्डिंगची शिवण एकसारखी सरळ, तेलाचा हात अजून ओलसर. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. बू कासियमने दोन बोटं आत घालून फिरवली, तेल ओढणीला पुसलं आणि होकारार्थी मान हलवली.

म्बाह मुजी तिच्याकडे बघत नव्हते. ते कापलेल्या पट्टीकडे बघत होते. त्यांचं काम पहिल्यांदाच कुणा गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते दाखवण्यासाठी त्यांना ते स्वतःच्या हाताने मोडावं लागलं होतं.